मोजल्याशिवाय गाडी हलायची नाही

गुरुजी पहिल्यांदा बहारीनला आले तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत एक पितळी शिट्टी होती, सुतळीचा गुंडा होता, चार लिंबं, आलेपाकाचा डबा, अमृतांजन, घड्या घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा आणि आखीव पानांची एक दोनशेपानी वही होती. मुलानं विमानतळावरच विचारलं, "अण्णा, एवढ्या पिशव्या कशाला?" गुरुजी म्हणाले, "लागते एखाद्याला." अख्ख्या विमानात कुणालाच लागली नव्हती, आणि त्याची किंचित हळहळ त्यांच्या आवाजात होती, असं मुलगा अजून सांगतो.

हा मुलगा मीना सलमानच्या औद्योगिक भागात एका कचेरीत नोकरीला आहे. राहतो जुफेरला, आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली. त्यामुळे गुरुजी हिवाळ्यात आले की थोडेसे आमच्याही वाट्याला येतात. पहिली गाठ लिफ्टमध्येच पडली. लिफ्टमधल्या पाटीवर 'व्यक्ती ८' असं लिहिलेलं आपण आयुष्यात कधी वाचतो का? गुरुजींनी ते वाचलं, आतली माणसं मोजली, आणि आत पाऊल टाकणाऱ्या एका उंच, पांढऱ्या थोबमधल्या अरब गृहस्थांना हात दाखवून थांबवलं. "नऊ होतायत. पुढच्या खेपेला." ते मराठीत म्हणाले. गृहस्थांना मराठी येत असण्याचं काही कारण नव्हतं, पण तो हात जगातल्या प्रत्येक शाळेत शिकलेल्या माणसाला कळतो. ते हसले आणि मागे सरले.

गुरुजींची बहुतेक नोकरी कोयनेच्या पाण्यापलीकडे गेली. महाबळेश्वर तालुक्यात, शिवसागर जलाशयाच्या काठानं कांदाटी खोऱ्यातली जी गावं आहेत, त्यांतल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथं जायचं तर तापोळ्याला किंवा बामणोलीला यायचं आणि तिथून लाँच. पावसाळ्यात लाँच आली तर आली. पोरं होडी वल्हवत शाळेत यायची. अशा शाळेतून दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत सहल काढायची, पोरांना बाहेरचं जग दाखवायचं आणि जशीच्या तशी परत आणून आयांच्या हवाली करायची, हे काम गुरुजींनी निवृत्तीपर्यंत केलं. निवृत्तीनंतर सरकारनं पेन्शन चालू केलं, पण मोजणी बंद करण्याचा आदेश काढायला विसरलं.

ते मोजतात कसे, हे पाहण्यासारखं आहे. लग्नातला वाढपी पंगतीवरून एक नजर फिरवतो आणि कुठल्या पानावर मीठ नाही ते त्याला कळतं, तशी ती पहिली नजर. तिला ते मोजणी म्हणत नाहीत. तिला म्हणतात 'अंदाज'. मग खरी मोजणी. ती बसच्या मागून पुढे येते, पुढून मागे कधीच नाही, कारण "मागं बसणारेच गळतात". प्रत्येक बाकाच्या कडेला तर्जनीनं हलकी टिचकी. आकडा ओठांत. शेवटचा आकडा मात्र मोठ्यानं. आणि तो जुळला की गुरुजी ड्रायव्हरकडे न बघता, समोरच्या काचेकडे बघून म्हणतात, "हं." त्या 'हं'शिवाय एसटी महामंडळाची एकही गाडी त्यांच्या हयातीत हललेली नाही. अपवाद एक, तो पुढे सांगतो.

हा प्रकार फक्त शिक्षकांत सापडतो असं नाही. वऱ्हाडाच्या टेम्पोत चढताना 'नग किती?' असं ओरडणारा काका, रात्री साडेनऊच्या गाडीसाठी संध्याकाळी सहालाच स्टेशनवर वळकट्यांवर बसवून ठेवणारी आत्या, ट्रेकला शेवटी चालणारा आणि कुणालाही आपल्या मागे राहू न देणारा तो दाढीवाला, हे सगळे त्याच गोत्राचे. पण अस्सल वाण बघायचं असेल तर आडगावच्या शाळेचा सहलीचा मास्तर बघावा. काकाची सुटकेस हरवली तर विमा असतो.

सहलीची तयारी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू व्हायची. एका शाळेचा पट अकरा, दुसरीचा नऊ. एवढ्यावर बस भरत नाही, म्हणून केंद्रप्रमुखांना गळ घालून पाच शाळा एकत्र करायच्या. पालकांची संमतीपत्रं, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, मग आगारात जाऊन 'प्रासंगिक करारा'चा अर्ज. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. ती निम्मी रक्कमसुद्धा काही घरांतून येत नसे. ती कुठून यायची हे गुरुजी सांगत नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगतात. "आमच्या लग्नातली अंगठी तेवढी कधी सहलीला गेली नाही," असं त्या म्हणाल्या, आणि गुरुजी लगेच पिशव्यांच्या घड्या तपासायला लागले.

निघण्याच्या दिवशी अंधारातच आया धक्क्यावर जमायच्या. नाचणीच्या भाकरी, लसणाची चटणी, रुमालाच्या टोकाला बांधलेली दहाची नोट. ती नोट गुरुजी ताबडतोब जप्त करून वहीत जमा मांडत आणि वाटेत रुपया-रुपयानं परत देत. ज्याचे पैसे पहिल्याच दिवशी संपले त्याला दुसऱ्या दिवशी 'मागील बाकी' म्हणून आणखी दोन निघायचे, आणि ते कुठल्या खात्यातून निघाले हे त्या वहीलाच ठाऊक. आणि जिचं पोर रोज एकटं होडी मारत शाळेला येतं, ती बाई हटकून सांगायची, "गुरुजी, त्येला पान्याकडं सोडू नगा." गुरुजी म्हणायचे, "पाण्यापासून दहा फूट." हा त्यांचा नियम. दहा फूट म्हणजे सुतळीनं मोजलेले दहा फूट. पिशवीतली सुतळी त्यासाठी. चौपाटीवर ते आधी सुतळी टाकत, मग पोरं उतरवत.

पसरणीच्या घाटात पहिली पिशवी फुटे. कात्रजच्या बोगद्यात सगळी बस ओरडे, आणि ते ओरडणं गुरुजींनी कधी थांबवलं नाही. ओरडणारं पोर म्हणजे हजर पोर. पुण्यात शनिवारवाडा, कात्रजचं सर्पोद्यान पाहून झालं की मुक्काम एखाद्या शाळेच्या वर्गात. मुलींजवळ बाई झोपत. मुलांच्या खोलीच्या उंबऱ्यावर गुरुजी आडवे, म्हणजे रात्री बाहेर जाणाऱ्याला त्यांना ओलांडूनच जावं लागे. सकाळी मुंबई.

गेटवेपाशी चौथीतल्या एका पोरानं समुद्राकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "गुरुजी, भित कुठाय?"

"कसली भिंत?"

"ह्या पान्याची. येवढं पानी कुनी आडवलंय?"

ही गोष्ट गुरुजी आम्हाला मीना सलमानच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून सांगत होते. आम्ही हसलो. तेही हसले, पण थोडं उशिरा. "त्याच्या आज्याचं शेत धरणाच्या तळाला आहे हो," ते म्हणाले. "त्याला पाणी म्हणजे कुणीतरी अडवलेलंच ठाऊक." मग लगेच, जणू जास्तच बोललो, अशा घाईनं त्यांनी आम्हाला मोजलं. चौघे होतो. जुळले.

गुरुजींचा भूगोल स्थळांवर चालत नाही, प्रसंगांवर चालतो. राणीची बाग म्हणजे जिथं एक मुलगी हत्तीपुढे बसली आणि उठेचना. म्हातारीचा बूट म्हणजे जिथं दोघं वरच्या खिडकीतून खाली यायला तयार नव्हते. तारापोरवाला मत्स्यालय म्हणजे जिथं सगळी पोरं काचेला नाक लावून 'ह्यो आमच्यात गावतो, ह्यो न्हाई' अशी माशांची वाटणी करत होती आणि तिथला शिपाई शेवटी त्यांनाच माहिती विचारायला लागला. प्रतापगडाचा पायथा म्हणजे जिथं मोजणीत एक जास्त भरला.

जास्त भरणं हे गुरुजींच्या मते कमी भरण्याहून वाईट. "कमी भरला तर शोधता येतो. जास्त भरला तर करायचं काय?" झालं होतं असं, की हंगामात महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळा एकाच गडावर असतात. त्याच लाल गाड्या, तेच पांढरे सदरे, त्याच खाकी चड्ड्या. दुसऱ्याच कुठल्या शाळेचा एक पोरगा यांच्या गाडीत चढला, शेजाऱ्याची भाकरी खाल्ली आणि झोपला. गुरुजींनी तीनदा मोजलं, एक जास्त. बाकीचे मास्तर म्हणाले, "असू द्या, कमी तर नाही ना." गुरुजींनी गाडी हलू दिली नाही. अखेर सगळ्यांना आपापल्या शेजाऱ्याचं नाव सांगायला लावलं, तेव्हा एक नाव कुणालाच सांगता येईना. त्याला घेऊन ते सगळी गाडीतळं फिरले. सापडलेल्या शाळेच्या मास्तरांना आपला मुलगा हरवलाय हे माहीतच नव्हतं! हे सांगताना गुरुजींचा चेहरा असा होतो, की त्या मास्तरांना मिळालेली पेन्शनसुद्धा त्यांना मंजूर नसावी.

या सगळ्याला आपण गमतीनं हसतो. पण २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, त्या संध्याकाळी गुरुजी जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. पुढे सहलींचे नियम कडक झाले, कागद वाढले, कित्येक शाळांनी सहली बंदच केल्या. गुरुजींना कागदांचं काही वाटलं नाही; बंद करण्याचं वाटलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोजायला माणूस वाढवा, सहल कमी करू नका.

तर असा हा मनुष्य आमच्या मराठी मंडळींच्या तावडीत सापडला, की मंडळी त्याच्या, हे अजून ठरायचंय. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही बस करून बहारीन-दर्शनाला निघायचं ठरवलं. हा देश सगळा मिळून पावणेआठशे-आठशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. सकाळी निघून संध्याकाळी घरी. निघण्याची वेळ सात. मुलानं गुरुजींना सांगितलं, 'अण्णा, तुम्ही फक्त बसायचं.' गुरुजी साडेपाचला बसजवळ उभे होते, वहीत नावं घालून. मंडळी साडेसातपर्यंत येत राहिली. इथं बँकेत, तेलकंपनीत मोठमोठ्या हुद्द्यांवर असलेल्या माणसांपुढे त्या दिवशी तांबड्या शाईत 'उशीर' असा शेरा पडला, आणि सांगायला हरकत नाही, त्यांतले दोघं खरंच ओशाळले.

"सदतीस," गुरुजी म्हणाले. मग चालकाला, जो केरळचा होता आणि वीस-बावीस वर्षांचा असेल, आपल्या सातारी हिंदीत बजावलं, "भैया, जबतक मैं मोजता नहीं, तबतक गाडी हलनेका नहीं." चालकानं सगळ्या गाडीकडे बघितलं. आम्ही खिडकीबाहेर बघितलं.

गाडी मीना सलमानवरून निघाली. कुणीतरी माहिती दिली, की हे बंदर १९६२ साली सुरू झालं, देशाचा बहुतेक माल वर्षानुवर्षं इथंच उतरायचा, आणि २००९मध्ये मालवाहतूक हिदच्या नव्या खलिफा बिन सलमान बंदराकडे गेली. "म्हणजे बदली झाली," गुरुजी म्हणाले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला बदलीचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. आता इथं राखाडी युद्धनौका असतात. अमेरिकेचा आरमारी तळ शेजारी, आणि २०१८ साली ब्रिटिशांनीही आपला तळ उघडला. फोटो काढायचे नाहीत, असं सांगितल्यावर आमच्यातल्या तरुणांची तोंडं पडली. गुरुजींचं मात्र खुललं. नियम असलेली जागा त्यांना मुळातच आवडते. त्यांनी उभं राहून तो नियम सगळ्या बसला पुन्हा सांगितला आणि मग सवयीनं शिट्टी तोंडाशी नेली. मुलानं ती अर्ध्या वाटेत पकडली. आरमाराच्या भिंतीशेजारी शिट्टी वाजवल्यावर नेमकं काय होतं, हे जाणून घेण्याची इच्छा कुणाचीच नव्हती.

पहिला थांबा अल् फातेह मशीद. हिच्यात सात हजार माणसं एका वेळी नमाज पढू शकतात, हे ऐकून गुरुजी थक्क झाले, "मोजतं कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. खरी पंचाईत पुढे झाली. आत जाताना पाहुण्या बायकांना काळे अबाये देतात. आमच्या मंडळाच्या सोळाही बाया, ज्यांना गुरुजींनी सकाळपासून 'पिवळी साडी', 'चष्मा', 'बडबडी' अशा खुणांनी पाठ केलं होतं, एका मिनिटात सारख्या झाल्या. त्यात कुठल्याशा दुसऱ्या सहलीच्या परदेशी बाया मिसळल्या. गुरुजींनी मोजलं: अठरा. पुन्हा: एकोणीस. प्रतापगडाचा पायथा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा. शेवटी बाहेरच्या अंगणात, आवाज खाली ठेवून, त्यांनी चक्क हजेरी घेतली. बँकेत उपव्यवस्थापक असलेल्या आमच्या एक वहिनी 'हजर' म्हणाल्या, आणि म्हणताना नकळत त्यांचा हात वर गेला. एक जर्मन बाईसुद्धा काहीतरी म्हणाली. तिला वगळलं.

तिथून बहारीनचा किल्ला. हे जागतिक वारशाचं ठिकाण आहे. खाली चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दिलमुन संस्कृतीचे थर, वर पोर्तुगिजांचे बुरूज. उत्खननात सिंधू संस्कृतीतली वजनंही इथं मिळालीत, म्हणजे आपली माणसं व्हिसाच्या कितीतरी आधीपासून येत होती. गुरुजी इतिहासाचे. पोर्तुगीज इथं १५२१मध्ये आले आणि १६०२मध्ये गेले, हे ऐकताच त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आपण वसई घेतली १७३९ला. चिमाजीअप्पांनी. म्हणजे यांनी आपल्या आधी... एकशे सदतीस वर्षं!" आणि 'सदतीस' हा शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर ते दचकले, इतिहास तिथंच सोडला आणि आम्हाला मोजायला लागले. छत्तीस भरले. एक सभासद बुरुजाआड पत्नीचे फोटो काढत होते. मोजणीनुसार पत्नी सापडली होती, नवरा नव्हता.

नंतर मी गुरुजींना विचारलं, किल्ला कसा वाटला? ते म्हणाले, "सदतीस."

हे त्यांनी विनोदानं म्हटलं नव्हतं. तेव्हा ध्यानात आलं, की या माणसानं शनिवारवाडा पाहिलेला नाही. वर्षानुवर्षं तो शनिवारवाड्याला पाठ करून, शनिवारवाडा बघणाऱ्या पोरांकडे तोंड करून उभा राहिलाय. गेटवेला समुद्राकडे त्याची पाठ, तारांगणात सगळे वर आकाशाकडे बघत असताना हा अंधारात डोकी चाचपत फिरतोय. काकूंनी दुजोरा दिला. आम्ही ठरवलं, की पुढच्या ठिकाणी त्यांना बघायला लावायचं. मोजायचं काम माझ्याकडे. गुरुजींनी वही दिली, पण सोडली नाही; तिचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या, असे आम्ही बसमध्ये शेजारी शेजारी बसलो.

वाटेत कुणीतरी बोलता बोलता सांगितलं, की मुहर्रकला इथली पहिली आधुनिक शाळा, अल् हिदाया अल् खलिफिया, १९१९ साली निघाली. गुरुजी ताडकन उठले. "एकोणीसशे एकोणीस! अहो, कर्मवीर अण्णांनी रयत काढली तेच साल!" गुरुजी स्वतः 'रयत'च्या शाळेत शिकलेले. काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली त्याच वर्षी समुद्रापलीकडच्या एका बेटावर कुणीतरी फळा टांगत होतं, या विचारानं ते इतके हरखले, की या वेळी शिट्टी खरंच वाजली. चालकानं करकचून ब्रेक मारला.

वाळवंटातलं 'जीवनवृक्ष' म्हणवणारं झाड मात्र त्यांनी पाहिलं. आसपास हिरवं काही नाही, पाणी दिसत नाही, आणि सुमारे चारशे वर्षांचं ते झाड फांद्या जमिनीला टेकवून उभं आहे. जगभरचे लोक येऊन चकित होतात. गुरुजी कुंपणापाशी गेले, पानं निरखली, आणि चकित न होता म्हणाले, "ही तर शमी." शास्त्रज्ञही हेच म्हणतात, राजस्थानातली खेजडी, आपली शमी, हे तेच झाड. गुरुजींनी हात जोडले आणि पोरांना गोळा करून पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं कुठं दडवली ते सांगितलं. "आजोबा, मग पांडव बहारीनला आले होते?" नातवानं विचारलं. गुरुजींनी क्षणभर विचार केला. "अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले. दसऱ्यासाठी दोन पानं न्यावीत असं त्यांच्या मनात आलेलं सगळ्यांना दिसलं. पण कुंपण होतं, आणि कुंपण म्हणजे नियम.

जवळच जबल दुखान. देशातला सगळ्यात उंच डोंगर, उंची १३४ मीटर. त्याच्या पायथ्याला १९३२ साली आखाताच्या या अरबी बाजूची पहिली तेलविहीर लागली. गुरुजींनी तेलाला मान दिला, पण डोंगराचं त्यांना हसू आवरेना. कोयनेचं भरलेलं पाणीच समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या वर उभं असतं; त्यांच्या शाळेतली पोरं रोज जिथं पाय धुवायची ती पायरी या देशाच्या शिखराच्या जवळजवळ पाचपट उंचीवर. "कुणाला बोलू नका," ते म्हणाले, "त्यांना वाईट वाटेल."

परतताना करक चहासाठी थांबलो. गुरुजींनी नातवंडांना हिशेब शिकवला: दिनाराचे हजार फिल्स, पाव दिनार म्हणजे अडीचशे. कुणीतरी सांगितलं, की १९६५पर्यंत इथं रुपयाच चालायचा, आणि दिनार निघाला तेव्हा दहा रुपयांना एक असा बदलून दिला. आता दोनशेच्या वर. "तेव्हाच घेऊन ठेवायला हवे होते," गुरुजी म्हणाले. काकू म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही तिसरीत होता. आणि घेतले असते तर तेही सहलीत गेले असते."

पश्चिमेकडे सौदीला जोडणारा किंग फहद पूल दिसतो. १९८६मध्ये खुला झालेला, पंचवीस किलोमीटरचा, थेट समुद्रातून गेलेला. दुरून ती पाण्यात टाकलेली एक लांबच लांब रेघच दिसते. गुरुजी खिडकीशी सरकले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सापडली भिंत." गेटवेवरच्या त्या पोराचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे आहे, तो आता पुण्यात एका कंपनीत कामाला असतो. त्याला त्यांनी तिथल्या तिथे फोटो पाठवला. उत्तर आलं, 'गुरुजी पाण्यापासून दहा फूट.'

आता 'हं'शिवाय हललेल्या गाडीचा तो अपवाद. एकदा साताऱ्याहून पुण्याला जाताना शिरवळला चहाला गाडी थांबली. गुरुजींनी मोजलं, जुळलं. आणि 'हं' म्हणायच्या आधीच, जुळलेलं असूनही, कुणी राहिलं नाही ना म्हणून मुतारीत एक चक्कर मारायला गेले. गाडी निघाली. निघणारच; संख्या बरोबर होती. मोजणारा स्वतः मोजणीत कधीच नसतो, त्यामुळे तो कमी झाल्याचं गणितात दिसत नाही. खेड शिवापूरपर्यंत कुणाला पत्ता नाही. तिथं पाचवीतली एक मुलगी बाईंना म्हणाली, "बाई, आज येवढं शांत कसं वाटतंय?" तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. गुरुजी मागच्या एसटीनं आले. कंडक्टरनं तिकीट फाडलं, ते त्यांनी वहीत चिकटवून ठेवलंय. शाळेच्या हिशेबात धरलं नाही, कारण "चूक वैयक्तिक होती".

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की गुरुजी परत जातात. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर वही, शिट्टी, उरलेल्या पिशव्या. "चार्ज घ्या," ते म्हणाले. बदली झालेला मास्तर दुसऱ्याला देतो तसा रीतसर चार्ज: शिट्टी नग एक, सुतळी अंदाजे तीस फूट, पिशव्या नग एकोणीस (वापरलेल्या पाच, घाट नसताना). खाली माझी सही, त्यांची सही, दिनांक.

वहीत सदतीस नावांपुढे शेरे होते. 'अ. क्र. ६: उतरतात लवकर, चढत नाहीत.' 'अ. क्र. ११: दुकानाजवळ सापडतील.' 'अ. क्र. १९: गाडी लागते, सांगत नाहीत, लिंबू आधीच द्यावे.' 'अ. क्र. २४ व २५: नवरा-बायको, एकत्र बसवू नये.' माझा नंबर तेहतीस होता. मी मान वाकडी करून वाचला. 'चालताना वर बघतात. बाकी काही नाही, पण सारखे विचारत असतात आणि मोबाइलवर काहीतरी टिपून घेत असतात. लक्ष ठेवावे.'